स्लग विकत घेण्याआधी आपली नळी ओळखा

शूटिंग रेंजवर, पन्नास यार्डांवरच्या कागदी निशाणावर, मी शॉटगनमधून पाच स्लग मारले होते. स्लग म्हणजे छर्ऱ्यांऐवजी एकच जाड गोळी असलेलं शॉटगनचं काडतूस. एक गोळी लाकडी चौकटीत घुसली. कागदावरच्या चार भोकांपैकी दोन एकमेकांपासून वीतभर लांब, आणि उरलेली दोन गोल नव्हतीच. कुलपाच्या भोकासारखी लांबट. म्हणजे गोळी तोंडाने नव्हे, कुशीवर आपटली होती. शेजारच्या बाकावरचे म्हातारे गृहस्थ उठून आले, बंदूक रिकामी असल्याची स्वतः खात्री केली, मागच्या बाजूने नळीत टॉर्च मारला आणि एवढंच म्हणाले, ‘ही गुळगुळीत आहे.’

दुकानात मला सगळ्यात महागडा डबा ‘सगळ्यात अचूक’ म्हणून मिळाला होता. विकणाऱ्याने नळी कुठली ते विचारलं नाही, आणि ते सांगायला हवं हे मला ठाऊक नव्हतं. तसं बघायला गेलं तर बंदूक माझ्या डोळ्यांना नवी नव्हती. कोकणात आमच्या मामांकडे शेतीसंरक्षण परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. भातात डुकरं शिरली की रात्री बार ऐकू यायचा. पण ठासणीच्या बंदुकीत काडतूस निवडायचा प्रश्नच नसतो. इथे अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या दुकानात भिंतभर डबे असतात.

ऑफिसातल्या कुणीतरी ‘या वर्षी तूही चल’ म्हटलंय आणि पहिल्यांदाच शॉटगन हातात येणार आहे, अशा आपल्या मंडळींसाठी हे लिहितोय. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे घरून शिकून आलेलं यात काहीच नसतं. इथे व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण, मक्याच्या शेतांत आणि हायवेवर इतकं आहे की त्याच्या शिकारीचा रीतसर हंगाम असतो. ज्यांना शिकारच पटत नाही त्यांच्याशी वाद घालायला मी बसलेलो नाही.

कागदपत्रं, काडतुसाच्याही आधी

एच-वन-बी किंवा दुसऱ्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर हा भाग दोनदा वाचा. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार अशा व्यक्तीला बंदूकच काय, एक काडतूस जवळ बाळगायलाही मनाई आहे. याला मोजके अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. मुदत संपली की अपवादही संपला, आणि कपाटातला पाच स्लगांचा डबा गुन्हा ठरू शकतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी परवाना, मग काडतूस, आणि परवान्याची शेवटची तारीख फोनच्या कॅलेंडरात. व्हिसाचं प्रकरण जराही गुंतागुंतीचं असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. मित्राचा मित्र काय म्हणाला यावर जाऊ नका. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट लागत नाही.

ओहायोत पहिल्यांदा परवाना काढताना हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. कोर्सशिवाय शिकाऊ परवानाही मिळतो, पण मग परवानाधारक अनुभवी माणूस सोबत हवा. माझं मत विचाराल तर कोर्स कराच. बंदूक कुंपणापलीकडे कशी न्यायची, हे त्यात हातात देऊन शिकवतात.

राज्याचे नियम दर वर्षी नव्याने बघावेत. ओहायोत हरणासाठी दहा गेज किंवा त्याहून लहान नळीची शॉटगन चालते (गेज म्हणजे नळीचं माप, पुढे सांगतो) आणि तिच्यात एका नळीला एकच गोळी. छर्रे चालत नाहीत. आपल्याकडे बारा बोअरवाले डुकरासाठी एलजी, एसजीची जाड्या छर्ऱ्यांची काडतुसं भरतात, तसलं काही इथे हरणावर मारलंत तर वॉर्डन, म्हणजे शिकारीचे नियम बघणारा अधिकारी, दंड करेल. मॅगझिन (बंदुकीत जादा काडतुसं राहतात तो भाग) आणि नळी मिळून तीनच काडतुसं भरता येतात, म्हणून मॅगझिनमध्ये लाकडाचा किंवा प्लास्टिकचा दांडा घालतात, त्याला ‘प्लग’ म्हणतात. सेकंडहँड बंदुकीत तो आहे का ते तपासा. गन सीझनमध्ये अंगावर नारिंगी जाकीट सक्तीचं आहे. खाजगी जमिनीवर मालकाची लेखी परवानगी लागते, तोंडी ‘हो हो, ये की’ चालत नाही.

नळीत डोकावून बघा

बंदूक रिकामी करा. मॅगझिन बघा, चेंबर (नळीच्या मुळाशी काडतूस बसतं ती जागा) बघा, चेंबरमध्ये बोट घालून बघा. मग बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग, उघडा ठेवून मागच्या बाजूने टॉर्च मारा. आतून आरशासारखी सपाट चकाकी दिसली तर नळी गुळगुळीत आहे. स्क्रूच्या आट्यांसारख्या तिरक्या वळत गेलेल्या खाचा दिसल्या तर ती आट्यांची नळी, इकडच्या भाषेत ‘रायफल्ड बॅरल’. पुढचं सगळं या एका गोष्टीवर ठरतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नळीत आटे नसतील तर गोळीला फिरकी मिळणार नाही, आणि फिरकीवाचून काही गोळ्या हवेत कोलांट्या खातात. माझ्या कागदावर तेच झालं होतं.

पुष्कळ लोकांकडे मॉसबर्ग ५०० किंवा रेमिंग्टन ८७० असते. दोन्ही पंप ॲक्शनच्या, म्हणजे पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायच्या, कित्येक दशकं चालत आलेल्या, आणि दोन्हींना नळी बदलता येते. मॉसबर्ग तर दोन नळ्यांच्या जोडीतही मिळते: एक लांब गुळगुळीत, पक्ष्यांसाठी, दुसरी आखूड आट्यांची, हरणासाठी. कुणाची बंदूक उसनी घेणार असाल तर ‘कुठली बंदूक’ यापेक्षा ‘आत्ता तिच्यावर कुठली नळी आहे’ हे विचारा.

गुळगुळीत नळीच्या तोंडाशी चोक असतो, म्हणजे तोंड किंचित आवळणारा भाग. नव्या बंदुकीत तो पेचाने काढता-घालता येतो. स्लगसाठी ‘सिलिंडर’ किंवा ‘इम्प्रूव्हड सिलिंडर’ हे जवळजवळ न आवळणारे चोक लावा. ‘फुल’ हा जास्त आवळणारा चोक काढून ठेवा, आणि टर्की पक्ष्यासाठीचा अतिअरुंद चोक तर स्लगच्या जवळही आणू नका.

बोअर आणि लांबी: इथे चूक म्हणजे हॉस्पिटल

आपण ज्याला बारा बोअर म्हणतो त्याला इकडे ट्वेल्व्ह गेज म्हणतात. आकडा लहान तितकी नळी मोठी, कारण तो मूळ हिशेब एक पौंड शिशात नळीच्या मापाचे किती गोळे होतात याचा आहे. बारा गेज म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर, वीस गेज म्हणजे १५.६.

वीस गेजची काडतुसं पिवळीच का असतात, हे मी सुरुवातीला कुणाला विचारलं नव्हतं. वीसचं काडतूस बारा गेजच्या बंदुकीत चुकून टाकलं तर ते चेंबरमध्ये थांबत नाही. आत घसरतं आणि थोडं पुढे जाऊन नळीत अडकतं. बघणाऱ्याला चेंबर रिकामं दिसतं. तो मागून बाराचं काडतूस भरतो, चाप ओढतो आणि नळी फुटते, तीही जिथे डावा हात असतो तिथे. म्हणून वीसला पिवळा रंग ठरवून दिलाय. घरात दोन्ही मापांच्या बंदुका असतील तर काडतुसं वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, आणि शिकारीला जाताना जाकिटाचे सगळे खिसे झटका. मागच्या हंगामातलं एखादं पिवळं काडतूस तळाशी हमखास सापडतं.

आता लांबी. पावणेतीन इंची, तीन इंची आणि साडेतीन इंची अशी काडतुसं येतात. नळीवर बाजूला माप कोरलेलं असतं. त्यापेक्षा आखूड काडतूस चालतं, लांब चालत नाही. गंमत अशी की तीन इंची काडतूस पावणेतीनच्या चेंबरमध्ये कित्येकदा अगदी सहज बसतं, कारण हे माप बार उडून तोंड उघडल्यानंतरचं असतं. बसलं म्हणजे चालतं असं धरून चालू नका. तोंड उघडायला जागा नसली की आत दाब वाढतो. आजोबांच्या काळातली जुनी बंदूक असेल आणि माप वाचता येत नसेल तर आधी गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे, न्या.

तीन जाती

दुकानातले पन्नास डबे शेवटी तीन जातींत मोडतात.

पहिली फॉस्टर. कार्ल फॉस्टर नावाच्या अमेरिकन माणसाने १९३१ मध्ये ती काढली. मऊ शिशाची गोळी, मागून पोकळ, सगळं वजन तोंडाकडे. बॅडमिंटनचं फूल कसंही मारलं तरी बूच पुढे करूनच जातं, तसंच हिचं. फिरकीची गरज नाही, म्हणून ही गुळगुळीत नळीची गोळी. बारा गेजमध्ये साधारण एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम, आणि वेग सेकंदाला १६०० फुटांच्या आसपास.

नवशिक्याचा घोटाळा नेमका इथे होतो. या गोळीच्या अंगावर तिरक्या रेघा असतात आणि डब्यावर ठळक अक्षरांत ‘रायफल्ड स्लग’ छापलेलं असतं. वाचणारा म्हणतो, रायफल्ड स्लग म्हणजे रायफल्ड बॅरलसाठी. उलट आहे! रायफल्ड स्लग गुळगुळीत नळीसाठी. त्या रेघांमुळे गोळीला फिरकी अशी जवळजवळ मिळतच नाही. चोकमधून जाताना शिशाला चेपायला जागा मिळावी एवढंच त्यांचं काम. हे एक वाक्य आधी कळलं असतं तर माझे बरेच डॉलर वाचले असते. आट्यांच्या नळीतून फॉस्टर मारली तर काही फुटत नाही, पण आट्यांत शिसं भरतं आणि नंतर ते खरवडत बसावं लागतं.

दुसरी ब्रेनेके. ही जर्मनीची, विल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८ मध्ये केलेली. भरीव, कडक शिशाची, आणि मागे जोडलेला वॅड, म्हणजे दारू आणि गोळी यांच्यामधलं बूच, गोळीबरोबरच पुढे जातो. फॉस्टर हरणात शिरली की पसरते; ब्रेनेके फारशी पसरत नाही, आरपार जाते. आरपार गेली की दोन भोकं, आणि झुडपांतून माग काढताना रक्त लवकर दिसतं. दाट रानात, तीस-चाळीस यार्डांवर मला हीच आवडते. ती बहुतेक गुळगुळीत नळीत चालते, तिच्या काही प्रकारांना आट्यांची नळीही चालते. डब्याची मागची बाजू वाचा.

तिसरी सॅबो. यात खरी गोळी नळीपेक्षा बारीक असते, बारा गेजमध्ये बहुधा अर्ध्या इंचाची, आणि तिच्याभोवती प्लास्टिकचं कवच असतं. कवच आट्यांना पकडतं, गोळीला फिरवतं आणि नळीबाहेर पडताच पाकळ्यांसारखं उघडून गळून पडतं. ही बंदूक मग जवळजवळ रायफलीसारखी वागते. होर्नाडी कंपनीची एसएसटी ही ३०० ग्रेनची, म्हणजे सुमारे १९ ग्रॅमची, गोळी डब्यावरच्या आकड्याप्रमाणे सेकंदाला २००० फुटांनी जाते. दीडशे यार्डांपर्यंत चांगला नेमबाज तिच्यावर भरवसा ठेवतो. पण नळी आट्यांचीच हवी. गुळगुळीत नळीतून सॅबो म्हणजे दुप्पट-तिप्पट पैसे देऊन कोलांट्या विकत घेणं. आटे असलेला चोक लावून मधला मार्ग काढणारेही आहेत. मी तो वापरलाय आणि पुन्हा वापरणार नाही.

किती लांबवर मारणार, ते खरं सांगा

पोरगं पहिल्या दिवशी सत्तर यार्ड पळालं म्हणून कुणी त्याला मॅरेथॉनला उतरवत नाही. डब्यावरचे आकडे कारखान्यातल्या बाकावरचे असतात; झाडावरच्या मचाणात, थंडीने बोटं आखडलेली, छातीत धडधड, हे त्यांत नसतं.

गुळगुळीत नळी, नेम धरायला पुढे नुसती पितळी माशी आणि फॉस्टर एवढंच असेल तर पन्नास यार्डांत राहा. चांगली साइट (नेम धरायचं, जुळवता येणारं साधन) लावली आणि सराव केला तर पंचाहत्तर. पन्नासला जुळवलेली फॉस्टर शंभर यार्डांवर पाचेक इंच खाली पडते, आणि हरणाच्या छातीतला मर्माचा भाग जेमतेम आठ इंचांचा, जेवणाच्या ताटापेक्षा लहान. ओहायोत रानाच्या कडेला, ओढ्याच्या काठाला बहुतेक हरणं साठ यार्डांच्या आतच दिसतात. मोकळ्या सोयाबीनच्या शेताकडे तोंड करून बसणार असाल तरच आट्यांची नळी आणि सॅबो यांवर खर्च करण्यात अर्थ आहे.

मध्य-पश्चिमेकडच्या कितीतरी राज्यांनी हरणाला रायफल नको, शॉटगनच, असा नियम वर्षानुवर्षं ठेवला. कारण सपाट जमीन, शेतात विखुरलेली घरं, आणि स्लगचा जोर रायफलीच्या गोळीपेक्षा लवकर ओसरतो ही समजूत. ओहायोत २०१४ पासून सरळ भिंतीच्या काडतुसांच्या, म्हणजे ज्यांचं कवच तोंडाशी निमुळतं होत नाही अशा काडतुसांच्या, रायफली चालतात. समजूत चुकीची नाही, पण अर्धीच आहे. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने करवून घेतलेल्या २००७ च्या अभ्यासात दिसलं की जमिनीला समांतर मारलेला स्लग आपटून उसळला की रायफलीच्या गोळीपेक्षाही लांब जाऊ शकतो. म्हणून हरणाच्या मागे काय आहे हे दिसत नसेल तर चापावर बोट नको. मचाणावरून खाली मारण्याचा हा मोठा फायदा: मागे जमीनच असते.

कागदाला विचारा

एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन नळ्यांना वेगवेगळी काडतुसं मानवतात. का, ते नेमकं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं एकमेकांशी पटत नाही. तुम्ही आपल्या नळीच्या जातीतले तीन वेगळे डबे घ्या. स्लग पाच-पाचच्या डब्यांत येतात, तेव्हा हा खर्च फार नाही.

आधी पंचवीस यार्डांवर एक गोळी, नेम कागदावर येतोय ना ते बघायला. मग पन्नासवर प्रत्येक डब्यातल्या तीन गोळ्या, बाकावर वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवून. दोन बारांमध्ये नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. गरम नळीवर घाईने मारलेली तिसरी गोळी काहीही सांगते. एक डबा संपला की नळीतून ब्रश फिरवा, सॅबो असेल तर नक्कीच, कारण आट्यांत प्लास्टिक चिकटतं. तीन भोकं मध्यभागापासून लांब पडली पण एकमेकांजवळ असली तर काडतूस चांगलं आहे, साइट फिरवा. मध्यभागाच्या भोवती विखुरली असतील तर साइट फिरवून काही होणार नाही, डबा बदला. चहाच्या बशीखाली तिन्ही झाकली गेली की माझ्या लेखी तो डबा पास.

पास झालेल्या डब्यावर पेनने अंतर आणि नळी लिहा आणि तसेच आणखी दोन-तीन डबे त्याच आठवड्यात आणा. नोव्हेंबरच्या शेवटी दुकानात हव्या त्या मापाची जागा रिकामी असते. तोच डबा, तेच वजन, तीच लांबी. ‘हाही तसाच आहे’ म्हणून दिलेला दुसरा डबा म्हणजे परत पहिल्यापासून.

खांद्याचंही बोलायला हवं. हलक्या बंदुकीतून बारा गेजचा तीन इंची मॅग्नम, म्हणजे जास्त जोराचा, स्लग म्हणजे बैलाची ढुशी. पाच बार काढले की सहाव्याला चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात आणि खांदा मागे पळतो; दोष मग काडतुसाला दिला जातो. हरणाला मॅग्नम लागत नाही. पावणेतीन इंची एक औंस पुरून उरतो, आणि अंगाने लहान असाल तर वीस गेज घ्या. सॅव्हेज २२० ही बोल्टची, आट्यांच्या नळीची वीस गेजची बंदूक आहे, आणि तिच्या कागदावरच्या बशा बघून बारावाले गप्प बसतात. कमी धक्क्याचे स्लगही मिळतात. हाताच्या सवयीसाठी स्वस्तातली छर्ऱ्याची हलकी काडतुसं मारा; स्लग फक्त जुळवणीला आणि शेवटच्या सरावाला.

मटण घरी खाणार असाल, आणि खाणारच असाल, तर शिशाचा विचार करा. जखमेभोवती शिशाचे डोळ्यांना न दिसणारे कण राहतात. जड, मंद स्लगचे तुकडे रायफलीच्या वेगवान गोळीपेक्षा कमी होतात, तरी जखमेच्या कडेने हातभर मांस मी टाकूनच देतो. घरात लहान मुलं असतील आणि नळी आट्यांची असेल तर अख्ख्या तांब्याचे सॅबो मिळतात. महाग आहेत. खिम्यात दाताखाली काही येत नाही.

हंगाम संपल्यावर

उरलेली काडतुसं मूळ डब्यातच ठेवा, कुलपात, बंदुकीपासून वेगळी. सुटा स्लग कुठल्या नळीचा हे वर्षभराने आठवत नाही.

आणि शिकारीला नेलेली बॅग भारतात जाताना वापरू नका. वापरायचीच असेल तर ती उलटी करून झटका, प्रत्येक चेन उघडा, अस्तराच्या फाटलेल्या कोपऱ्यात बोट घाला. मुंबईच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये एक जिवंत काडतूस दिसलं की शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंदवला जातो, आणि ‘ओहायोत शिकारीला गेलो होतो’ हे तिथल्या ड्यूटी ऑफिसरला रात्री तीन वाजता समजावावं लागतं. मी आता शिकारीसाठी वेगळी नारिंगी बॅग ठेवलीय. ती गॅरेजमध्येच असते, आणि बायकोने तिच्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत ‘इंडिया नाही’ असं लिहून ठेवलंय.